हात रिकामे, पण ओटा भरलेला



गटाचा संगणक हळू चालायला लागला की आपण एक तर माऊस दहा वेळा दाबतो, नाहीतर दुरुस्तीवाल्याला बोलावतो. तो बघतो आणि म्हणतो, "ताई, जुना झालाय, नवीनच घ्या." पैसे गटाचे, पै पै करून साठवलेले. म्हणून नवीन घेण्याआधी नेमकं अडलंय कुठं ते आपल्याच डोळ्यांनी बघूया. विंडोजच्या संगणकात त्याची सोय आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत.

कीबोर्डवर डावीकडे कंट्रोल आणि शिफ्ट ही बटणं आहेत. ती दोन्ही दाबून धरा आणि वरच्या कोपऱ्यातलं एस्केप दाबा. टास्क मॅनेजर नावाची चौकट उघडेल. ती छोटीच दिसली तर खाली 'मोअर डिटेल्स' आहे, त्यावर क्लिक करा. सीपीयू, मेमरी, डिस्क असे रकाने दिसतील, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर टक्के.

हे टक्के कशाचे? स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. सीपीयू म्हणजे काम करणारे हात. मेमरी म्हणजे ओटा, आत्ता लागणारं सामान तेवढं त्यावर. डिस्क म्हणजे आतली कोठी. पण इथं एक गोम आहे. डिस्कचे टक्के कोठी किती भरली ते सांगत नाहीत. कोठीत ये-जा किती चालू आहे ते सांगतात. (कोठी किती भरली ते 'धिस पीसी' उघडून सी ड्राइव्हच्या पट्टीवर दिसतं. पट्टी लाल झाली की जागा संपत आली.)

आता समजा सीपीयू १५ टक्के, मेमरी ९२ आणि डिस्क १०० टक्के दिसली. हात तर रिकामेच आहेत, मग काम का होईना? ओटा भरलाय म्हणून. पोळपाट ठेवायला जागा नाही, म्हणून परात कोठीत नेऊन ठेवायची, लागली की परत आणायची. संगणकाचा सगळा वेळ या हेलपाट्यांत जातो. मेमरी या शब्दावर क्लिक करा, सर्वांत जास्त जागा अडवणारं वर येईल. पुष्कळदा तिथं क्रोम सापडतो, कारण कुणीतरी वीस पानं उघडी ठेवलेली असतात. नको ती बंद केली की ओटा मोकळा.

एखादा प्रोग्रॅम अडकूनच बसला, तर त्यावर क्लिक करून 'एंड टास्क' दाबता येतं. मात्र त्यात जतन न केलेला हिशोब जाऊ शकतो, हे आधी लक्षात घ्या. ज्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही, त्याला तर हात लावूच नका. 'अँटीमालवेअर' असं नाव दिसलं तर तो संगणकाचा राखणदार आहे, त्याला काम करू द्या.

आपल्या गटांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते, आणि ती दुरुस्तीवाले क्वचितच सांगतात. संगणक महिन्याच्या बैठकीलाच उघडायचा, मग महिनाभराचे अपडेट आणि विषाणूंची तपासणी एकदमच सुरू होते. डिस्क १०० टक्क्यांवर जाते आणि आपण म्हणतो, बिघडला. बैठकीच्या तास-दोन तास आधी संगणक इंटरनेट जोडून चालू करून ठेवा. अपडेट झाल्यावर तो बंद करून पुन्हा सुरू करायला सांगेल, तेही आधीच उरकून घ्या.

एवढं करूनही मेमरी सतत ९०च्या वरच राहिली, तर 'परफॉर्मन्स' उघडून मेमरीवर क्लिक करा. एकूण मेमरी किती जीबी ते वर कोपऱ्यात असतं. ४ असेल तर आजच्या कामाला तोकडीच. खाली बहुधा 'स्लॉट्स यूज्ड' दिसेल. त्यापुढे '१ ऑफ २' असेल तर एक खाच मोकळी आहे, म्हणजे तिथं आणखी मेमरी बसवता येईल. आणि मेमरी मोकळी असूनही डिस्कच सतत १०० टक्के असेल, तर दुखणं डिस्कचं. जुन्या फिरत्या चकतीच्या जागी एसएसडी बसवून मिळते. या दोन्ही गोष्टी नव्या संगणकापेक्षा कितीतरी स्वस्त पडतात.

तिन्ही आकडे तारखेसकट वहीत लिहून ठेवा. दुरुस्तीवाला आला की ती वही त्याच्यापुढे धरायची आणि विचारायचं, "दादा, यातलं काय बदलायचं ते सांगा."