तिथी, उधाण आणि कोकण किनाऱ्यावरील मासेमारीचा काळ

किनारी मासेमारीचा अनुकूल काळ ठरविताना पंचांगाचा आधार घेतला जातो. मात्र एकाच तिथीचा अर्थ कोकणातील सर्व बंदरांना सारखा नसतो. तिथीची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची अदमासे वेळ मिळते, हा रूढ हिशेब मुंबई परिसरात बराचसा जुळतो. अष्टमीस सहाच्या सुमारास भरती येते. भरतीला दररोज सुमारे 50 मिनिटे उशीर होतो, हे त्यामागील कारण होय.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुंबईजवळ पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते. डोल जाळे एका जागी बांधलेले असते. बोंबील, जवळा प्रवाहच त्यात आणून सोडतो. साहजिकच डोलकरास उधाण लाभते आणि अष्टमीचा भांग जाळी दुरुस्तीचा ठरतो. मालवणकडे हा चढउतार जवळपास निम्माच. तेथे रापणीसाठी तिथीपेक्षा पावसाळ्यानंतर किनाऱ्यालगत येणारे बांगडा-तारलीचे थवे महत्त्वाचे.

हंगामाच्या आरंभाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. 2023 मध्ये शासकीय बंदी 31 जुलैस संपली. अधिक श्रावणामुळे नारळी पौर्णिमा मात्र 30 ऑगस्टला आली. परंपरा पाळणाऱ्यांचा महिना बुडाला, न पाळणाऱ्यांनी खवळलेल्या समुद्राचा धोका पत्करला. अशा वेळी केवळ किनाऱ्यावरचा वारा पाहणे पुरेसे नाही. वारा पडलेला असतानाही दूरवर उठलेल्या लाटा येथे पोहोचतात. म्हणून लहान होडीने लाटांच्या उंचीचा अंदाज पाहूनच बंदर सोडावे.