सगळ्यांना बसता येईल असा डाव

बदाम सात खेळायला बसताना मी आधी माणसे मोजते. चार असोत की आठ, हा खेळ कुणालाही उठवत नाही. सगळी पाने वाटून टाकायची, कुणाला एखादे पान जास्त आले तर येऊ द्यायचे. बदामची सत्ती ज्याच्याकडे असेल त्याने ती मधोमध मांडायची. पुढच्याने तिच्या खाली छक्की किंवा वर अठ्ठी लावायची, नाहीतर दुसऱ्या रंगाची सत्ती उघडायची. लावण्यासारखे काही नसेल तर पास. ज्याचे हात आधी रिकामे होतील तो जिंकला. शिकवायला पाच मिनिटे पुरतात. आमच्या घरी गणपतीत आरती आणि जेवणे आटोपली की पहिला डाव हाच पडतो. त्यात माझ्या सासूबाई असतात, मुंबईहून आलेले दीर-जावा असतात आणि पुतणीची सहा वर्षांची मुलगीही असते. तिच्या एवढ्याशा मुठीत दहा पाने मावत नाहीत, म्हणून ती अर्धी पाने मांडीखाली ठेवते.

मी कुडाळजवळच्या गावात राहते. नोकरीची सगळी वर्षे शाळेत गणित शिकवले. त्यामुळे खेळ बघताना माझे लक्ष एका गोष्टीकडे हटकून जाते : यात नशिबाचा वाटा किती आणि अकलेचा किती? घरच्या खेळाची पारख मी यावरच करते. बुद्धिबळात नशीब नाही. तिथे कसलेला माणूस नवख्याला दहापैकी दहा वेळा हरवतो, आणि नवखा अकराव्या वेळी बसत नाही. सापशिडीत अक्कल नाही. फासा सांगेल तितकी घरे जायचे, निर्णय एकही घ्यायचा नाही. म्हणून तिथे पाच वर्षांचे पोर आजोबांना अगदी खरेखुरे हरवते, आजोबांना मुद्दाम हरावे लागत नाही. मुलांना हा फरक नेमका कळतो. मुद्दाम दिलेला विजय त्यांना नको असतो.

बदाम सात या दोहोंच्या मधला. पाने कशी येतील ते नशीब. पण हातात किलवरची अठ्ठी आहे आणि किलवरचे वरचे एकही पान नाही, तर ती अठ्ठी सोडायची का? धरून ठेवली तर वरची नश्शी, दश्शी, गुलाम, राणी, राजा ज्यांच्याकडे आहेत ते सगळे अडकतात. उलट इस्पिकचा राजा आपल्याच हातात असेल तर इस्पिकची सत्ती लवकरात लवकर उघडायला हवी, कारण राजा सगळ्यात शेवटी जायचा. एक्क्याचेही तेच, तो खालच्या टोकाला. सासूबाई दुसऱ्यांची पाने अडवण्यात पटाईत. पण लावण्यासारखे एकच पान हातात असेल तर ते लावावेच लागते, पास म्हणता येत नाही. त्यामुळे चतुराई चालते ती दोन-तीन पाने लागण्यासारखी असतील तोवरच. मग त्यांनाही ती अडवलेली अठ्ठी टाकावी लागते आणि समोरून पुतणीची मुलगी टाळ्या पिटते. तिने विचार करायला वेळ लावला की सासूबाईंचे मालवणी सुरू होते, "टाक गो बाय, इतको काय इचार करतंस?"

घरात भांडण होते ते बहुतेक पाने पिसण्यावरून. "नीट पिसली नाहीस, सगळे बदाम एकत्र आले" ही तक्रार खरी असू शकते. बावन्न पानांचे वेगवेगळे क्रम लिहायचे म्हटले तर ती संख्या 68 आकडी येते. आपण पिसून त्यातल्या कुठल्यातरी क्रमावर पोचतो, पण आधीच्या डावातल्या क्रमाचे धागे पूर्ण तुटायला वेळ लागतो. पर्सी डायकोनिस हे अमेरिकी गणिती तरुणपणी जादूचे प्रयोग करत. त्यांनी आणि डेव्ह बायर यांनी 1992 साली दाखवून दिले की कॅटचे दोन भाग करून पाने फर्र करून एकमेकांत गुंतवायची ही पद्धत असेल तर साधारण सात वेळा पिसावे लागते. आपण घरी हातातल्या हातात वरची पाने खाली सारतो. तसे पिसून पाने खरोखर मिसळायची तर हजारो वेळा हात चालवावा लागेल. बदाम सात झाल्यावर तर पाने रंगवार लागलेलीच उचलली जातात. म्हणून आमच्याकडे पिसायचे काम मुलांकडे दिले आहे. ती सगळी पाने सतरंजीवर पालथी पसरतात आणि दोन्ही हातांनी मिनिटभर कालवतात. मोठ्यांना हा पोरखेळ वाटतो, पण हातातल्या पिसण्यापेक्षा तो कितीतरी चांगला आहे.

तिघेच असलो तर पाच-तीन-दोन. चारही रंगांची अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची पाने घ्यायची, ती अठ्ठावीस होतात. त्यात इस्पिक आणि बदाम यांच्या सत्त्या घातल्या की तीस, म्हणजे प्रत्येकी दहा. पहिली पाच पाने बघून एकाने हुकूम बोलायचा आणि त्याने पाच हात करायचे, दुसऱ्याने तीन, वाटणाऱ्याने दोन. दर डावाला पाळी बदलते, त्यामुळे पाचाचे ओझे सगळ्यांच्या खांद्यावर येते. ज्याचे हात कमी पडले त्याच्याकडून पुढच्या डावात, जास्त केलेला माणूस न बघता पान ओढतो आणि बदल्यात आपले नकोसे पान देतो. या ओढण्यात मुलांना जी मजा येते ती जिंकण्यातही येत नाही. समोरचा पाने पंख्यासारखी धरतो, एक्का मुद्दाम कडेला ठेवतो आणि चेहरा कोरा ठेवायची खटपट करतो.

चौघे असले की मात्र मेंढीकोट. हा खेळ मला सासूबाईंनी शिकवला, लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात. समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकाला तेरा पाने, आणि सगळी लढाई चार दश्श्यांसाठी. चारही दश्श्या एका जोडीने ओढल्या की कोट. दोन-दोन झाल्या तर हात मोजायचे, सात ज्यांचे ते जिंकले. हुकूम आधी कुणी बोलायचा नाही. उतारीचा रंग ज्याच्याकडे संपला त्याने दुसऱ्या रंगाचे पान टाकले की तोच हुकूम, अशी आमच्याकडची पद्धत. दश्शी एक्क्याखाली कधी द्यायची, भिडूकडे राजा आहे हे कशावरून ओळखायचे, हे सगळे न बोलता कळावे लागते. नवी सून म्हणून मी त्या घरात फार कमी बोलत असे. पण सासूबाईंची भिडू म्हणून बसले की त्यांनी टाकलेल्या पानावरून त्यांच्या मनातले वाचायला लागे, आणि माझ्या पानावरून त्यांना माझ्या मनातले. आमची खरी ओळख तिथे झाली. खुणा करायला मात्र सक्त बंदी. नाक खाजवणे, खोकणे, "आज गरम होतंय" म्हणणे, काही चालत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये मांडीवर बॅग आडवी ठेवून रोज खेळणारे गट असतात, त्यांच्यातही खुणा करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी जागा मिळत नाही, असे माझे दीर सांगतात.

पत्ते नसले तरी अडत नाही. खडूने पाच गुणिले पाचचा चौकोन आखायचा, मधल्या घरात आणि चारही कडांच्या मधल्या घरांत फुल्या मारायच्या, की चल्लस आठची तयारी झाली. सोंगट्या म्हणून चिंचोके, बांगडीचे तुकडे, खडे, ज्याला जे मिळेल ते. चार कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितकी घरे चालायची. चारही उताण्या तर चार, म्हणजे चल्लस. चारही पालथ्या तर आठ. आणि या दोन्हींना पुन्हा टाकायची संधी. बाहेरच्या सोळा घरांची फेरी, मग आतली आठ घरे उलट दिशेने, मग मधले घर. फुलीच्या घरात सोंगटी मरत नाही.

सातवीच्या वर्गात मी संभाव्यता शिकवायला हाच खेळ मांडत असे. कवडी दोन्ही बाजूंवर सारखीच पडते असे धरले तर चार कवड्यांचे सोळा प्रकार होतात. त्यांत दोन पडण्याचे सहा, एकाचे चार, तिनाचे चार, आणि चाराचा व आठाचा प्रत्येकी एकच. म्हणजे जे दान क्वचित पडते त्याला मोठे बक्षीस. हा हिशेब कुणा शाळेत न गेलेल्या माणसांनी, खेळता खेळता, पिढ्यान्‌पिढ्या बसवला. खरी कवडी मात्र दोन्ही बाजूंना सारखी नसते. मुलांना शंभर वेळा टाकून नोंद करायला लावली की प्रत्येक कवडीचा स्वभाव निराळा निघतो. कवड्या नसतील तर चिंचोका फोडून दोन फाके करावेत. एक बाजू काळी, एक पांढरी, फासा तयार.

एवढे सांगितल्यावर कुणीतरी म्हणतेच, पत्ते आणि फासे म्हणजे शेवटी जुगारच ना? ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे सूक्त आहे. बेहड्याच्या फळांचे फासे खेळून बायको आणि घर गमावलेला माणूस त्यात रडतो. द्यूतसभा तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच परंपरेत आश्विन पौर्णिमेला, कोजागिरीला, फासे खेळत जागावे असेही सांगितले आहे. जेजुरीच्या खंडोबाची लोककथा तर सारीपाटावरच फिरते : देव म्हाळसेशी खेळताना हरतो, बारा वर्षांच्या वनवासाला निघतो आणि चंदनपुरीला बाणाईच्या घरी मेंढ्या राखतो. फासा दोन्हीकडे तोच. फरक पडतो तो पणाला काय लावले यामुळे. आमच्या घरी पैसे लावायचे नाहीत, रुपया-दोन रुपयेसुद्धा नाहीत. गुण मोजायला चिंचोके. पैसे आले की सहा वर्षांची मुलगी आपोआप बाहेर जाते, कारण तिच्याकडे पैसे नाहीत, आणि हरलेला माणूस उठायला तयार होत नाही. 1968 साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले, तो निकाल लोक अजून दाखला म्हणून देतात. पण कौशल्य असले म्हणून माणूस बुडायचा थांबत नाही. 2025 साली संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला तेव्हा मला बरे वाटले. फोनवर एकट्याने रात्रभर रमी खेळणारी, माझ्याकडे शिकून गेलेली हुशार मुले मी पाहिली आहेत.

आमच्या जिल्ह्यात राहून गंजिफांबद्दल न लिहिणे मला जमणार नाही. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही हाताने रंगवलेल्या गोल गंजिफा तयार होतात. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, एकूण एकशे वीस. ही कला संपत आली होती. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराला हाताशी धरून ती पुन्हा उभी केली. बाहेरगावचे पाहुणे संच विकत नेतात आणि काचेच्या चौकटीत लावतात. चित्रे सुंदर आहेत यात वादच नाही, मत्स्य आणि कूर्म तर बघत राहावे असे. पण ती पाने हाताळण्यासाठी केली आहेत, भिंतीवर टांगण्यासाठी नव्हेत.

खेळायला तिघे लागतात, प्रत्येकी चाळीस पाने. पाने लहान आणि गोल, म्हणून सगळी एकावर एक सरकवून पंख्यासारखी धरता येतात. हुकूम नसतो. दिवसा खेळलात तर रामाच्या राजाने सुरुवात, रात्री कृष्णाच्या. पाच रंगांत दहा हे मोठे पान आणि एक्का सगळ्यात लहान. उरलेल्या पाच रंगांत नेमके उलटे. तेवढा उलटा क्रम एकदा अंगवळणी पडला की पुढे सगळे कुठली पाने गेली हे लक्षात ठेवण्यावर आहे. सुरुवातीला जड वाटेल. आमच्याकडे आम्ही पहिले काही डाव चार अवतार बाजूला काढून सहा रंगांचेच खेळतो, म्हणजे बहात्तर पाने, प्रत्येकी चोवीस. मुले अवतारांची नावे त्यातच शिकतात आणि कल्कीचा घोडा आपल्याकडे यावा म्हणून भांडतात. रंगवलेला महागाचा संच मुलांच्या हाती द्यायला जीव होत नसेल तर जाड पुठ्ठ्याच्या गोल चकत्या कापून त्यांच्याकडूनच रंगवून घ्याव्यात. बांगडी ठेवून पेन्सिलीने गोल काढला की सगळ्या चकत्या एका मापाच्या होतात, आणि पाठीमागची बाजू मात्र कोरीच ठेवायची, नाहीतर दुसऱ्या दिवसापर्यंत सगळी पाने सगळ्यांना मागून ओळखू येतात.