बर्फ गेल्यावर बास कुठे सापडतो?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन शहराला लागून मेंडोटा नावाचं सरोवर आहे. हिवाळ्यात ते गोठतं आणि साधारण एप्रिलच्या सुरुवातीला मोकळं होतं. मोकळं झालं असं कधी म्हणायचं, याचा तिथे जुना नियम आहे. पिकनिक पॉइंट या भूशिरापासून पलीकडच्या मेपल ब्लफपर्यंत होडी नेता आली पाहिजे. या तारखांची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होत आली आहे. शास्त्रज्ञांइतकीच गळाने मासे पकडणारी मंडळीही या तारखेकडे डोळे लावून असतात, कारण बर्फ हटला की बासचा मोसम जवळ येतो.

बास हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला शिकारी मासा. मोठ्या जबड्याचा, हिरवट अंगाचा, कुशीवर काळसर पट्टा असलेला लार्जमाउथ आणि खडकाळ तळ पसंत करणारा तपकिरी स्मॉलमाउथ, अशा त्याच्या दोन जाती सर्वाधिक ओळखीच्या. माशाचं शरीर स्वतःची ऊब राखत नाही, पाणी जितकं गार तितकाच तो गार. मग बर्फ नुकताच गेलेल्या, हात बुडवला तर बोटं बधिर व्हावीत अशा पाण्यात तो खातो काय, असतो कुठे? याचं उत्तर माशाच्या आधी पाण्यात शोधावं लागतं.

पाणी सर्वांत जड असतं ते 4 अंश सेल्सिअसला. म्हणून हिवाळ्यात बर्फाखाली सर्वांत गार पाणी वर आणि थोडं उबदार पाणी तळाशी असतं. एक ग्रॅम बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक ग्रॅम पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापलं असतं. मार्चमधलं ऊन त्यामुळे बर्फ वितळवण्यातच खर्ची पडतं. बर्फ गेल्यावर वरचं पाणी तापू लागतं, पण 4 अंशांकडे जाता जाता ते जड होऊन खाली बसतं आणि खालचं वर येतं. शिवाय या तापमानाजवळ गार-उबदार पाण्याच्या वजनातला फरक इतका किरकोळ असतो की वारा साऱ्या सरोवराला तळापर्यंत ढवळून काढतो. या घुसळणीत तळाला पुन्हा ऑक्सिजन मिळतो. वर्षभराच्या दृष्टीने सरोवरासाठी हा फार मोलाचा काळ आहे, पण ऊब शोधणाऱ्या माशाला खोल पाण्यात या काळात काही मिळत नाही.

काठ आत वळून झालेल्या उथळ कोपऱ्यांची गोष्ट वेगळी. थोडा हिशेब करून पाहू. एक चौरस मीटर जागेवर मीटरभर खोल पाणी म्हणजे एक टन पाणी. ते एका अंशाने तापवायला सुमारे 42 लाख ज्यूल उष्णता लागते. मॅडिसनच्या अक्षांशावर एप्रिलमधल्या निरभ्र दिवशी तेवढ्याच जागेवर साधारण दोन कोटी ज्यूल ऊन पडतं. परावर्तन, बाष्पीभवन आणि रात्रीचा गारठा यांत निम्मं गेलं असं धरलं, तरी हे पाणी दिवसाला दोन अंशांहून जास्त तापतं. मेंडोटाची सरासरी खोली मात्र बारा मीटरच्या पुढे आहे. तीच उष्णता तेवढ्या खोलीत ढवळून पसरली की वाढ होते जेमतेम अंशाच्या पाचव्या भागाएवढी. चार-पाच दिवस आकाश स्वच्छ राहिलं तर एकाच सरोवरात दोन ऋतू नांदू लागतात. मला या साऱ्या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते. वरून पाहणाऱ्याला सगळीकडे एकसारखं करडं पाणी दिसतं.

सगळे उथळ कोपरे सारखेच तापत नाहीत. त्या अक्षांशावर सूर्य दक्षिणेकडून कललेला असतो, त्यामुळे उत्तर काठाच्या कोपऱ्यांना ऊन जास्त वेळ आणि नीट मिळतं. उत्तरेचा बोचरा वाराही काठावरच्या झाडांमुळे तिथे अडतो. तळाला काळा गाळ असेल तर तो ऊन शोषतो आणि वरच्या पाण्याला ऊब देतो. स्वच्छ वाळूवरून बराच प्रकाश परत फिरतो. हिमयुगाच्या अखेरीस हिमनद्यांनी घडवलेल्या या सरोवरांच्या काठी हजारो वर्षं गाळ साठत आला आहे, पाणकणसाची बेटं वाढली आहेत. अनुभवी माणूस म्हणूनच आमिषांच्या पेटीआधी तापमापक काढतो. मुख्य सरोवरात 6 अंश आणि कोपऱ्यात 9 अंश दिसले, की तो तिथेच थांबतो.

कोकणात पहिल्या पावसात ओढ्यांतून शेतांत शिरणारे चढणीचे मासे अंडी घालायला निघालेले असतात. बासची ही पहिली फेरी तशी नसते. ती भुकेची असते. गाळ तापला की चिलटांसारख्या कीटकांच्या अळ्या हलू लागतात, त्यांच्यामागे ब्लूगिल आणि इतर छोटे मासे येतात, त्यांच्यामागे बास. अंडी घालायला लार्जमाउथला साधारण 15 अंशांच्या वरचं पाणी लागतं. त्याला अजून कित्येक आठवडे असतात.

भूक असली तरी अंगात वेग नसतो. एवढ्या थंडीत खाल्लेलं पचायला फार वेळ लागतो, त्यामुळे भक्ष्यामागे लांब धावणं माशाला परवडत नाही. म्हणून या दिवसांत आमिष सावकाश चालवतात. माशाच्या आकाराचं, पाण्यात न बुडता न तरंगता मधोमध थबकणारं जर्कबेट दोन झटके देऊन सोडून द्यायचं आणि धीर धरायचा. बास बहुधा त्या थबकण्यातच तोंड मारतो. पहाटे उठून जाण्यातही अर्थ नसतो, कारण रात्रभर गारठलेलं पाणी दुपारी तीन-चारच्या सुमाराला सर्वांत उबदार होतं.

जे पाणी झटकन तापतं ते झटकन निवतंही. उत्तरेकडून थंडीची लाट आली, रात्री पारा शून्याखाली गेला, की कोपऱ्यातली ऊब एका रात्रीत ओसरते. मासे मग कोपऱ्याच्या तोंडाशी, जिथे तळ पहिल्यांदा उतरतो तिथे, हिरव्या पाणवनस्पतींच्या आडोशाला जाऊन थांबतात. ती वनस्पती हिरवी असणं महत्त्वाचं, कारण कुजणारी वनस्पती ऑक्सिजन खाते, जिवंत वनस्पती तो देते. बर्फाखालीही तग धरणारी कूनटेल ही त्यातली एक. आपल्याकडे घरी मत्स्यालय ठेवणारे तिलाच हॉर्नवर्ट म्हणून ओळखतात.

पुढे पाणी आणखी तापलं की नर शेपटीने तळ झाडून वाटोळं घरटं करतो. मादी अंडी घालून निघून जाते. अंड्यांना पंखांनी वारा घालणं, त्यांच्यावर टपलेल्या ब्लूगिलना हुसकावणं आणि पिल्लं सुटी होईपर्यंत त्यांच्यासोबत राहणं, हे सारं एकटा नर करतो, तेही जवळजवळ उपाशीपोटी. घरट्याजवळ आलेल्या कशावरही तो धावून जातो, त्यामुळे गळाला सहज लागतो. पकडून लगेच सोडलं तर काय बिघडलं, असं वाटू शकतं. कॅनडातल्या ओंटारियोमधल्या सरोवरांवर झालेल्या अभ्यासांनी ते खोडून काढलं आहे. नर दूर असताना ब्लूगिल काही मिनिटांत अंडी फस्त करू लागतात. शिवाय दमलेला, बराच वेळ पाण्याबाहेर राहिलेला नर परतल्यावर घरटं सोडून देण्याची शक्यता वाढते. पकडणाऱ्याने एक मासा सोडलेला असतो, पण हजारो अंडी गेलेली असतात. हे मला गंभीर वाटतं, कारण यात माणसाचा हेतू चांगला असूनही नुकसान होतं.

ओंटारियोच्या बऱ्याच भागात म्हणूनच बासचा मोसम जूनच्या उत्तरार्धात उघडतो. आपल्या किनाऱ्यावरच्या पावसाळी मासेमारी बंदीमागेही प्रजननाचा विचार आहेच. अडचण अशी की मोसम तारखेला उघडतो आणि घरटी पाण्याच्या तापमानानुसार होतात. मेंडोटावर 1880-81च्या हिवाळ्यात बर्फ 161 दिवस टिकला होता, 2001-02मध्ये फक्त 21 दिवस. उबदार वर्षी माशांचं सगळं वेळापत्रक आधी सरकतं. थंडी लांबली तर मोसम उघडतो त्या सकाळीही काही नर घरट्यावरच असतात.