पत्ता विचारत जाणारे खेळयंत्र

२० मे २०१४ या दिवशी एक चमत्कारिक गोष्ट घडली. जपानमधील क्योटो येथील निन्टेंडो कंपनीने २००४ साली 'डीएस' नावाचे, हातात मावणारे खेळयंत्र बाजारात आणले होते. अशी कोट्यवधी यंत्रे जगभर घरोघरी होती. त्यांची बटणे, पडदे, बॅटऱ्या, सारे काही ठीक होते. तरीही त्या दिवसापासून परगावच्या किंवा परदेशीच्या खेळाडूशी शर्यत लावणे त्यांना जमेना! यंत्र बिघडले नव्हते; त्यांची गाठ घालून देणारा दूरचा सर्व्हर कंपनीने बंद केला होता.

गंमत पुढेच आहे. यांपैकी पुष्कळ यंत्रे नंतर पुन्हा एकमेकांशी खेळू लागली, आणि तीही एकही स्क्रू न काढता. हे कसे साधले, ते समजण्यासाठी हे यंत्र सर्व्हरपर्यंत पोहोचते कसे, ते आधी पाहू या.

पहिला टप्पा बिनतारी. यंत्रातून निघणाऱ्या रेडिओ तरंगांची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. हे तरंग घरातल्या राउटरपर्यंत जातात; त्यापुढचा प्रवास तारांतून. डीएसचा वेग सेकंदाला फार तर २० लाख बिट. आजच्या मानाने हा वेग गोगलगाईचाच म्हणायचा, पण तो पुरतो. कारण खेळाचे चित्र पाठवायचेच नसते. 'माझी गाडी अमुक ठिकाणी आहे, तिचा वेग इतका, तोंड या दिशेला' एवढे थोडे आकडे पाठवले, की चित्र ज्याचे त्याचे यंत्र काढते.

आता प्रश्न असा, की आकडे पाठवायचे कुठे? यंत्राला सर्व्हरचे फक्त नाव ठाऊक असते. इंटरनेटवर मात्र टपाल पोचते ते क्रमांकावर. नाव सांगून क्रमांक मिळवण्याची सोय अमेरिकेतील पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली आखली. तिला डीएनएस म्हणतात. टेलिफोनच्या डिरेक्टरीसारखेच हे. फरक इतकाच, की एकच जाडजूड पुस्तक नसून त्याची पाने जगभरच्या संगणकांत वाटलेली आहेत. खेळयंत्र प्रत्येक वेळी आधी या डिरेक्टरीला विचारते, 'अमुक नावाचा सर्व्हर कुठे राहतो?' आणि मिळेल त्या क्रमांकाकडे निघते. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

सर्व्हर मिळाल्यावर तो खेळाडू जमवतो. 'मारिओ कार्ट डीएस' या २००५ सालच्या शर्यतीच्या खेळात इंटरनेटवरून एका वेळी चौघे खेळू शकत. पण ओळख करून दिल्यावर सर्व्हर बराचसा बाजूला होई आणि यंत्रे थेट एकमेकांशी बोलत. यात एक अडचण असते. प्रत्येक घराचा राउटर सोसायटीच्या फाटकावरच्या वॉचमनसारखा असतो: आतल्या कोणी बोलावले नसेल, तर बाहेरच्याला आत सोडत नाही. मग दोन घरांतली यंत्रे बोलणार कशी? सर्व्हर दोघांना एकमेकांचे पत्ते देतो आणि सांगतो, 'दोघेही एकदमच हाक मारा.' आपल्या घरातून त्या पत्त्यावर हाक गेली, हे प्रत्येक वॉचमन टिपून ठेवतो आणि तिथून आलेला संदेश 'बोलावलेला' समजून आत सोडतो.

अंतराची अडचण मात्र कोणत्याही युक्तीने सुटत नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. टोकियो ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे १०,८०० किलोमीटर. म्हणजे संदेश पोचायला निदान ०.०५४ सेकंद हवा! पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटतात, तेव्हा तेवढ्यात तीन चित्रे होऊन जातात. प्रत्यक्षात तारा वळणे घेत जातात आणि वाटेत थांबेही असतात, त्यामुळे उशीर आणखी वाढतो. म्हणून यंत्र अंदाज बांधते: प्रतिस्पर्ध्याची गाडी मघाशी इथे होती, वेग इतका होता, तर आता तिथे असेल. पूर्वीचे खलाशी किनारा दिसत नसताना जहाजाची जागा अशीच ठरवत. अंदाज चुकला, की पडद्यावरची गाडी एकदम उडी मारते.

आता मूळ कोड्याकडे वळू. सर्व्हर बंद झाला, तरी खेळयंत्र अजून त्याच नावाची चौकशी करत होते. कोणत्या डिरेक्टरीला विचारायचे, हे मात्र यंत्राच्या सेटिंगमध्ये बदलता येत होते. हौशी मंडळींनी स्वतःची डिरेक्टरी उभारली. जुने नाव विचारले, की ती नव्या सर्व्हरचा क्रमांक सांगे! अर्थात नुसता पत्ता बदलून भागत नाही. त्या पत्त्यावर जुन्याच भाषेत उत्तर देणारे कोणी तरी हवे. जुना सर्व्हर बंद पडण्यापूर्वी काहींनी त्याची आणि यंत्राची देवाणघेवाण टिपून ठेवली होती. तिच्यावरून त्यांनी त्याची भाषा उलगडली. माझ्या मते खरी कामगिरी हीच.

याला एक काळी बाजूही आहे. जो डिरेक्टरी चालवतो, तो तुम्हाला हवे तिकडे पाठवू शकतो. शिवाय डीएसच्या खेळांना बिनतारी जोडणीसाठी 'वेप' हे जुनेच कुलूप कळते. त्यात प्रत्येक संदेशाबरोबर २४ बिटांचा एक आकडा बदलत असतो. असे आकडे १,६७,७७,२१६ होतात. वर्दळीच्या जोडणीत ते लौकरच पुन्हा येऊ लागतात आणि ऐकणाऱ्याला किल्लीचा सुगावा लागतो. हे कुलूप कसे फोडता येते, हे २००१ सालीच सिद्ध झाले. एका जुन्या खेळासाठी घरच्या राउटरला ते लावले, तर त्याच जोडणीवरचे बँकेचे व्यवहार करणारे फोनही त्या कच्च्या कुलपामागे येतात. खेळायचेच असेल, तर वडीलधाऱ्यांना विचारून त्यापुरता वेगळा राउटर लावावा आणि खेळ संपताच बंद करावा.

नावाचा क्रमांक कसा होतो, हे पाहायला मात्र खेळयंत्र लागत नाही. शाळेच्या संगणकावर आज्ञा लिहिण्याची खिडकी उघडा, 'एनएसलुकअप' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहा आणि पुढे एखाद्या संकेतस्थळाचे नाव द्या. उत्तरात आधी तुमच्या डिरेक्टरीचा पत्ता येईल आणि मग तुम्ही विचारलेला. तेच नाव घरी विचारून पाहा. काही नावांचे क्रमांक दोन्हीकडे सारखे येतील, काहींचे वेगळे. वेगळे का आले, यावर वर्गात चर्चा करा.