रात्री दोनची सकाळ

गुलमोहर फुलला आहे. तारीख २५ डिसेंबर, सकाळचे साडेसहा, आणि कुंपणापलीकडच्या अंगणात लाल पाकळ्यांचा नुसता सडा पडलाय. अलिबागला आमच्या दारातला गुलमोहर मे महिन्यात पेटतो. इथं सुव्यात, फिजीच्या राजधानीत, तो नाताळात फुलतो. रात्रभर पाऊस कोसळत होता. पत्र्यावरून अजून थेंब गळताहेत. हवा कोकणातल्या जुलैसारखी, अंगाला चिकटणारी. फांदीवर साळुंक्यांचं भांडण चाललंय; त्यांच्या पूर्वजांनाही माणसांनीच भारतातून इथं आणलं.

त्या सड्यात पंच्याहत्तरीच्या घरातले एक गोरे गृहस्थ स्टुलावर बसून पंख्याची पाती पुसताहेत. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळी पट्टी. पट्टीवर त्यांचं आडनाव आणि खाली चर्चचं नाव. आज सणाचा दिवस, तरी पट्टी आहेच.

"नाबुआच्या पोरांचा पंखा," ते मला पाहून म्हणतात. "मोटर जळलीय. आज दुकानं बंद, हा जुना बसतो का बघतो. उद्या सकाळी जाऊन लावीन."

नाबुआ हे सुव्याचंच उपनगर, आणि पोरं म्हणजे तिथं राहणारे तरुण मिशनरी. हे आजोबा आणि त्यांची पत्नी अमेरिकेतल्या युटा राज्याचे, कॅश व्हॅली नावाच्या दुभत्या खोऱ्यातले. जग ज्यांना मॉर्मन म्हणतं त्या पंथाचे. स्वतः मात्र ते चर्चचं पूर्ण नाव घेतात, येशू ख्रिस्ताचं, अंतिम दिवसांतल्या संतांचं. या पंथात अठरा-एकोणीस वर्षांची मुलं दोन-दोन वर्षांसाठी घरापासून दूर धाडतात हे पुष्कळांना ठाऊक असतं. म्हातारी जोडपीही जातात, हे मला इथं कुंपणापाशी उभं राहून कळलं. मुलं मार्गाला लागली, नोकरी संपली, की अर्ज करायचा, पत्र येईल तिकडं जायचं. कुणी सहा महिने, कुणी वर्ष, कुणी दीड वर्ष. खर्च स्वतःचा. यांनी पंचेचाळीस वर्षं गाई पाळल्या, गोठा थोरल्या मुलाच्या हवाली केला आणि मार्चमध्ये सुव्याला आले, दीड वर्षासाठी.

आम्ही दोघंही ऑक्टोबरपासून इथं आहोत. मुलगा इथल्या विद्यापीठात शिकवतो, सुनेला बाळ झालंय, म्हणून आलो. आम्ही नातवासाठी समुद्र ओलांडला आणि ते अकरा नातवंडं मागं ठेवून आले. पहिल्या दिवसापासून हे माझ्या मनातून जात नाही.

आठ वाजता मी करंज्यांचं ताट घेऊन त्यांच्या मागच्या दारी जाते. माझं माहेर नगरचं. आमच्या गल्लीत ख्रिस्ती घरं होती, आणि नाताळात त्यांच्याकडून करंज्या यायच्या, दिवाळीत आमच्याकडून जायच्या. इथं नारळाला तोटा नाही, म्हणून ओल्या नारळाच्या केल्यात. सिस्टर दार उघडतात. सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात, नवरासुद्धा बाहेरच्यांसमोर आडनावानिशी 'सिस्टर' म्हणतो. चहाचं विचारायची सोय नाही. चहा, कॉफी, दारू त्यांच्या धर्मात वर्ज्य. १८३३ सालापासूनची शिकवण आहे ही. मी लिंबाचं सरबतही आणलंय. त्या अर्धा पेला एका दमात पितात आणि कपाळावरचा घाम मनगटानं पुसतात.

"आज घरी उणे दहा असेल," त्या म्हणतात. "काल मुलानं पाठवलं होतं, गोठ्याच्या दाराशी गुडघाभर बर्फ. आणि बघा, माझी जेली वितळतेय."

ओट्यावर खरंच काचेच्या भांड्यात हिरवी जेली धरायची म्हणून ठेवलीय, ती धरायला तयार नाही. तिच्याशेजारी किसलेल्या बटाट्यांचा मोठा ट्रे, चीज आणि मलई घातलेला. याला युटात 'फ्युनरल पोटॅटोज' म्हणतात. कुणाच्या घरी मयत झालं की शेजारणी हाच पदार्थ करून नेतात, म्हणून हे नाव. पण सणालाही हाच लागतो. दुःखाचं आणि आनंदाचं ताट एकाच पदार्थानं भरायचं, हे मला फार जवळचं वाटतं.

मागच्या अंगणात लोवो पेटलाय. शेजारच्या फिजियन कुटुंबातले बाप-लेक पहाटेपासून राबताहेत. गुडघाभर खड्डा, त्यात लाकडं, लाकडांवर दगड. दगड तापून पांढुरके झाले की निखारे बाजूला सारायचे आणि नारळाच्या झावळ्यांच्या टोपल्यांत बांधलेलं डुकराचं मांस, कोंबड्या, दालोचे कंद, रताळी आत उतरवायची. वर केळीची पानं, ओली पोती, शेवटी माती. दालो म्हणजे आपल्या अळूचाच भाऊबंद. त्याची पानं नारळाच्या दुधात शिजवून पालुसामी करतात. हे आमचे खड्ड्याशी उकिडवे बसलेत आणि रायगडातली पोपटी समजावून सांगताहेत: मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मडकं उपडं घालून भोवती जाळ. तो फिजियन बाप लक्ष देऊन ऐकतो आणि एकच विचारतो, "माती घालत नाही?" नाही म्हटल्यावर त्याला वाईट वाटतं.

पलीकडच्या टेकडीवरच्या मेथडिस्ट देवळात लाली वाजतेय. लाकडाचं ओंडक्यासारखं वाद्य, त्याचा आवाज दरीतून घुमत येतो. या बेटांवर मेथडिस्ट मिशनरी १८३५ मध्ये आले आणि आजही बहुतेक मूळ फिजियन त्याच चर्चचे. आमच्या शेजाऱ्यांच्या चर्चमध्ये मात्र आज सभा नाही. बुधवार आहे, त्यांची सभा रविवारी. त्यांचं मंदिर व्हरांड्यातून दिसतं: समाबुलाच्या चढावर पांढरीशुभ्र इमारत, शिखरावर सोन्याच्या रंगाचा तुतारी फुंकणारा देवदूत. पंथातले पात्र लोकच त्यात जातात, आणि रविवारी ते बंद असतं. १८ जून २००० रोजी त्याचं अर्पण झालं तेव्हा याच शहरात बंडखोरांनी पंतप्रधानांसह खासदारांना संसदेत ओलीस धरलं होतं. सोहळा मूठभर माणसांत उरकावा लागला. डागडुजीनंतर पुन्हा अर्पण झालं २१ फेब्रुवारी २०१६ ला, आणि आदल्याच दिवशी विन्स्टन चक्रीवादळानं फिजी झोडपून काढलं होतं. आजोबा हे अभिमानानं सांगत नाहीत. "त्या वादळात चाळीसहून जास्त माणसं गेली," एवढंच म्हणून गप्प होतात.

मिशनरी हा शब्द माझ्या कानाला साधा नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या बाईला, नवऱ्यानं धर्म बदलला की घराचं काय होतं, हे वेगळं सांगावं लागत नाही. नगरला अमेरिकन मिशनच्या शाळा होत्या, दवाखाने होते, त्यांचं ऋण मोठं आहे. तरीही दुसऱ्याच्या देवघरात हात घालणं मला पटत नाही, आणि हे मी सिस्टरना नोव्हेंबरातच स्पष्ट सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. "मला जे मौल्यवान वाटतं ते कुणी विचारलं तर सांगते," त्या म्हणाल्या. "बाकी माझं काम चादरींचं." ते खरंच आहे. पोरांच्या खोल्यांतल्या चादरी, मच्छरदाण्या, पाण्याचे फिल्टर, व्हिसाचे कागद, आजारी पडलेल्याला डॉक्टरकडं नेणं. त्यांच्या पंथाचा ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश माणूस १८५२ मध्ये मुंबईत उतरला होता आणि पुण्यातही राहिला, हे मी आजोबांना सांगितलं तेव्हा त्यांनी वहीत लिहून घेतलं.

साडेबारा वाजता पोरं येतात. सहा जण, जोडीजोडीनं. एकट्यानं फिरायचं नाही असा त्यांचा नियम. एक टोंगाचा धिप्पाड, एक न्यूझीलंडचा, दोघं फिजीचेच दूरच्या बेटांवरचे, दोन अमेरिकेचे. सगळे टायमध्ये, सगळे घामाघूम. त्यांतला सर्वांत लहान महिन्यापूर्वी आलाय. तो कोपऱ्यातल्या खुर्चीत बसतो आणि भिंतीकडे बघत राहतो. सिस्टर त्याला काही विचारत नाहीत. ताट वाढतात, बटाट्यांचा मोठा चौकोन काढून त्याच्या पुढ्यात ठेवतात. तो एक घास घेतो आणि थांबतो. चमचा तसाच हातात. मग खाली मान घालून भराभर खाऊ लागतो. सिस्टर दुसरा चौकोन वाढतात आणि स्वयंपाकघरात जातात. मी मागोमाग जाते. त्या नळ सोडून उभ्या आहेत, भांडं काही धुवत नाहीत.

"याच्या आईनं मला पत्र लिहिलंय," त्या म्हणतात. "त्याला हे बटाटे आवडतात म्हणून."

एक वाजतो. टेबलावर मोबाइल उभा केला जातो, कारण तिकडे २४ तारखेचे संध्याकाळचे सहा वाजलेत आणि कुटुंब जमलंय. फिजी युटाच्या एकोणीस तास पुढं आहे. पडद्यावर दिवाणखाना, झाड, आणि मागच्या खिडकीत निळसर बर्फ. तिकडची पोरं येशूजन्माचा खेळ करताहेत, दर वर्षी करतात तसा. टॉवेल डोक्याला गुंडाळलेले मेंढपाळ, मेंढी झालेला कुत्रा, आणि मरियेच्या मांडीवर या वर्षी बाहुलीऐवजी खरं बाळ. पणतू. सहा आठवड्यांचा. या दोघांनी त्याला अजून हातात घेतलेलं नाही, आणि आणखी नऊ महिने घेता येणार नाही. आजोबा चष्मा काढून पडद्याच्या अगदी जवळ जातात. सिस्टर हात मांडीवर ठेवून ताठ बसल्यात. त्यांची बोटं मात्र हलताहेत, हळूहळू, थोपटल्यासारखी.

माझा नातू माझ्या खांद्यावर झोपलाय. मला त्याचं ओझं एकदम जाणवतं. त्याला खोलीत नेऊन ठेवावं असं वाटतं, हे सुख त्यांच्यासमोर मिरवू नये म्हणून. मी उठते, तर सिस्टर मागं न बघता हात पुढं करतात. मी बाळ त्यांच्याकडे देते. त्या त्याला पडद्यासमोर धरतात आणि तिकडच्या सगळ्यांना सांगतात, "हा बघा, हा इथला."

आजोबा नंतर मला सांगतात, ते स्वतः तरुणपणी मिशनवर गेले तेव्हा असं बोलता येत नसे. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत पोरांना घरी फोन करायला वर्षातून दोनच दिवस असत, नाताळ आणि मातृदिन. आता आठवड्याला बोलता येतं. "बरं झालं," ते म्हणतात. "माझी आई त्या फोनआधी म्हणे दिवसभर जेवत नसे."

लोवो उघडायच्या वेळी पलीकडच्या गिरमिटिया घरातला सहा वर्षांचा नातू कुंपणाच्या फटीतून आत शिरतो. त्याचे पूर्वज १८७९ ते १९१६ या काळात उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारावर आणलेल्या साठ हजारांवर माणसांपैकी. त्याच्या हातात गुलगुल्यांचा डबा आहे, त्याच्या आईनं दिलेला. तो थेट सिस्टरांपाशी जाऊन त्यांचा स्कर्ट ओढतो.

"आजी, लोवो कब खुली?"

मी चमकून बघते. फिजी हिंदीत बापाच्या आईला आजीच म्हणतात, अवध-भोजपूरकडून आलेला शब्द आहे, हे मला आता ठाऊक आहे. तरी दर वेळी वाटतं मलाच हाक मारली. सिस्टर वळतात. हा शब्द त्यांनी आपला मानलाय. त्या त्याचा हात धरून खड्ड्याकडे जातात. माती सारली जाते, पोती, करपलेली पानं, आणि वाफेचा लोट उठतो तो धुराचा, मांसाचा, ओल्या केळीच्या पानाचा वास घेऊन. आम्ही दोघं शाकाहारी, आम्हाला दालो आणि पालुसामी. दालो तोंडात विरघळतो. जेलीचं सरबत झालंय. टोंगाचा मुलगा ते पेल्यात ओतून सगळ्यांना वाटतो.

आपल्याकडे वानप्रस्थ म्हणत. घरचं आवरून रानात निघून जायचं. हे दोघं घरचं आवरून परक्या पोरांच्या चादरी मोजायला आलेत. देहाला झेपत नाही, हे दिसतं. आजोबा पायरी चढताना कठड्याला धरतात, सिस्टरांचे पाय दुपारपर्यंत सुजतात. सुखासाठी ते ऊब शोधत आलेले नाहीत. ही ऊब त्यांना सोसावी लागतेय. मला त्यांचा देव नको आहे. पण मी साठी ओलांडल्यावर कुणाकुणाच्या उपयोगी पडले, ही मोजदाद मात्र आज दिवसभर आपोआप चाललीय.

संध्याकाळी पुन्हा पाऊस. पोरं सातच्या आत आपापल्या खोल्यांकडे निघतात. सर्वांत लहान जाताना उरलेल्या बटाट्यांचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून नेतो.

रात्री बाळ रडतं म्हणून मी उठते. घड्याळात दोनला पाच कमी. खिडकीतून बघते तर पलीकडच्या स्वयंपाकघरात दिवा आहे. मग आठवतं: तिकडे आता २५ तारखेचे सकाळचे सात वाजताहेत, नातवंडं झाडाखालच्या भेटी उघडायला धावत असतील. दोघं टेबलाशी शेजारी शेजारी बसलेत. आजोबांनी पांढरा शर्ट पुन्हा घातलाय, टाय बांधलाय. सिस्टरांनी केस विंचरलेत. पावसाच्या आवाजातूनही मोबाइलमधला पोरांचा कल्ला कुंपणापार येतो, कागद टराटरा फाटल्याचाही येतो. सिस्टर हसताहेत, तोंडावर हात ठेवून, शेजारी झोपलेत म्हणून.

अर्ध्या तासानं दिवा मालवतो.

सकाळी साडेसातला मी व्हरांड्यात येते तेव्हा आजोबा गाडीच्या टपावर शिडी चढवताहेत. पंखा मागच्या सीटवर, चादरीत गुंडाळलेला. दोरी पुरत नाही. मी घरातून सुतळीचं रीळ आणून देते, आणि हे शिडीचं एक टोक धरून उभे राहतात. सिस्टर पुढच्या सीटवर बसून मांडीवरच्या वहीत नाबुआच्या खोलीची यादी तपासताहेत: उशा दोन, बादली एक, करंज्या सहा.