पियानोची शिकवणी : गुरू पडद्यावर, नाद खोलीत

संगीताची तालीम गुरूसमोर बसूनच घ्यावी, असा संकेत आपल्याकडे रूढ आहे. पाश्चात्त्य पियानोची शिकवणीही त्याला अपवाद नव्हती. शिक्षक विद्यार्थ्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसतात, मनगट ताठरले की त्यावर हात ठेवतात आणि चुकलेली ओळ तिथल्या तिथे वाजवून दाखवतात. आता मात्र मैफली गाजवणारे पियानोवादकही इंटरनेटवरून शिकवू लागले आहेत. एरवी ज्यांच्या केवळ ध्वनिमुद्रिका ऐकायला मिळाल्या असत्या, अशा वादकांचे मार्गदर्शन मुंबई-पुण्यातील विद्यार्थ्याला घरबसल्या लाभू शकते. सोय मोठी आहे. परंतु तिच्यात नेमके काय मिळते आणि काय निसटते, हे जाणून न घेता तिच्यावर पैसे आणि, त्याहून मोलाची, शिकण्याची वर्षे खर्च करणे शहाणपणाचे नाही.

कल्पना जुनी, प्रसार नवा

न्यूयॉर्कमधील मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिक या संस्थेने १९९६ साली व्हायोलिनवादक पिंकस झुकरमन यांच्या सहभागाने दूरचित्रसंवादाद्वारे संगीत शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. २००२ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे झालेल्या पियानो स्पर्धेत येफिम ब्रॉन्फमन यांनी जपानमध्ये बसून परीक्षण केले. स्पर्धकाने दाबलेल्या प्रत्येक पट्टीची नोंद तारेवरून जाऊन तेथील पियानो आपोआप वाजत असे. २०२० च्या करोना साथीत मात्र असा दूरसंवाद ही गरजच बनली. एबीआरएसएम आणि ट्रिनिटी या ब्रिटिश परीक्षा मंडळांनी चित्रमुद्रण पाहून परीक्षा घेण्याची सोय त्याच वर्षी केली.

आज असे शिक्षण प्रामुख्याने तीन प्रकारांनी मिळते. पहिला प्रकार ध्वनिचित्रमुद्रित पाठांचा. नामवंत वादक एखादी रचना उलगडून दाखवतो किंवा दुसऱ्या विद्यार्थ्याला शिकवताना दिसतो. एकोणिसाव्या शतकात फ्रान्झ लिस्ट वायमार येथे सर्व शिष्यांसमोर एकेकाला शिकवीत असत. त्या 'मास्टरक्लास'चाच हा नवा अवतार. दुसऱ्या प्रकारात विद्यार्थी आपले वादन मुद्रित करून पाठवतो आणि शिक्षक त्यावर अभिप्राय देतात. तिसरा प्रकार ठरलेल्या वेळी होणाऱ्या प्रत्यक्ष संवादाचा.

तारेवरून जाताना नादाचे काय होते?

पियानोच्या ८८ पट्ट्यांपैकी सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे २७.५ वेळा, तर सर्वांत वरची सुमारे ४,१८६ वेळा कंप पावते. हातोडीचा आघात होताच नाद उमटतो आणि मग हळूहळू विरत जातो. चित्रसंवादाची साधने मात्र मानवी बोलण्यासाठी घडवलेली आहेत. बोलण्यामागचा पंख्याचा किंवा रस्त्याचा आवाज गाळून टाकणे, हे त्यांचे काम. त्यामुळे लांबत जाणारा सूर त्यांना 'गोंगाट' वाटतो आणि तो मध्येच तुटतो. हळू आवाज आपोआप वाढवला जातो, मोठा दाबला जातो. परिणामी विद्यार्थ्याने महत्प्रयासाने साधलेला मंद, कोवळा स्वर आणि जोरकस आघात पलीकडे जवळपास सारखेच ऐकू जातात.

दुसरी अडचण विलंबाची. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. मुंबई ते लंडन हे सुमारे ७,२०० किलोमीटरचे अंतर सरळ रेषेत कापायलाही त्याला ३६ मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षातील केबलचा मार्ग आणि संगणकावरील प्रक्रिया धरली तर विलंब कितीतरी वाढतो. सुमारे तीस मिलिसेकंदांच्या पुढे दोन वादकांना एकत्र लय सांभाळणे कठीण जाते. म्हणूनच गुरूसोबत एकाच वेळी वाजवणे येथे शक्य नसते. आधी एकाने, मग दुसऱ्याने, एवढेच साधते.

हातावर हात ठेवता येत नाही

बोटांचा क्रम, स्वरलिपीचे वाचन, ओळीची घडण, रियाजाची आखणी या गोष्टी पडद्यावरून उत्तम शिकता येतात. कॅमेरा वरून लावला, तर शेजारच्या खुर्चीवरून दिसणार नाहीत इतकी बोटे स्पष्ट दिसतात. परंतु खांद्यात साठलेला ताण चित्रात सहज दिसत नाही, आणि तारा मोकळ्या ठेवणारे पेडल पाऊल किती दाबते आहे, हे तर बहुधा दिसतच नाही. ही बाब किरकोळ नव्हे. हात निकामी झाल्याने रॉबर्ट शूमान यांना वादक होण्याचे स्वप्न सोडावे लागले. विसाव्या शतकात लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची बोटे ऐन उमेदीत वळू लागली आणि पुढे अनेक वर्षे ते केवळ डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवीत राहिले. वाजवताना दुखू लागले तर थांबावे, हा नियम दूरस्थ विद्यार्थ्याने अधिक कसोशीने पाळला पाहिजे. कारण त्याला थांबवणारे शेजारी कोणी नसते.

काय करावे?

संवादाच्या साधनातील गोंगाट गाळण्याची सोय बंद करून मूळ आवाज पाठवण्याचा पर्याय निवडावा. एक कॅमेरा पट्ट्यांवर आणि दुसरा बाजूने, मनगट, कोपर व खांदा दिसेल असा ठेवावा. सर्वांत उपयुक्त मार्ग म्हणजे घरीच चांगल्या मायक्रोफोनवर वादन मुद्रित करून ते पाठाच्या आधी पाठवणे. या मुद्रणात नाद तुटत नाही आणि शिक्षकांना हळू-मोठ्या स्वरांतील भेद कळतो.

वाद्याची निवडही महत्त्वाची. ६१ हलक्या पट्ट्यांच्या की-बोर्डवर हाताचे वजन वापरण्याची सवय लागत नाही; हातोडीसारखा भार देणाऱ्या ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो त्याहून बरा. खरा पियानो असेल तर मुंबईच्या दमट हवेत लाकूड फुगून त्याचे सूर ढळतात, याचे भान ठेवून तो वेळोवेळी जुळवून घ्यावा.

अगदी नवशिक्याने आरंभ प्रत्यक्ष शिक्षकांकडेच करावा. मुंबई आणि गोव्यात पाश्चात्त्य संगीत शिकवण्याची जुनी परंपरा आहे. पाया पक्का झाल्यावर दर आठवड्याला स्थानिक शिक्षक आणि महिन्यातून एखादा पाठ मैफलीच्या वादकाकडे, अशी सांगड अधिक फलदायी ठरते. मोठा वादक हा मोठा शिक्षक असेलच असे नाही, म्हणून एकदम वर्षाचे शुल्क भरण्यापूर्वी एखादा पाठ घेऊन पाहावा.

मैफलीचा वादक जे सर्वांत मोलाचे शिकवतो, ते म्हणजे नाद ऐकणे. आणि तारेवरून जाताना नेमके तेच सर्वाधिक गळते. खोलीत उमटलेला खरा सूर फक्त विद्यार्थ्यालाच ऐकू येतो. तो कसा होता, कुठे कठोर झाला, कुठे लवकर विरला, हे त्याला स्वतःच ओळखून गुरूला सांगावे लागते. ज्याने ही जबाबदारी उचलली, त्याचा कान तयार होतो. ज्याने ती पडद्यावर सोपवली, त्याची फक्त बोटे धावतात.