दाब गेला, भार गेला की पॉवर गेली?



१२ ऑक्टोबर २०२० हा दिवस तुम्ही लहान असल्यामुळे तुम्हांला कदाचित आठवणार नाही; घरच्यांना विचारा. सोमवार होता. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई येथील वीज एकाएकी गेली. लोकलगाड्या रुळांवर जागच्या जागी थांबल्या. पडघे व कळवा येथील ४०० किलोव्होल्टच्या यंत्रणेत बिघाड झाल्याचे मागाहून सांगण्यात आले. मी कळव्यातच राहतो. त्या वेळी घरी बसून बारावीचा ऑनलाइन तास घेत होतो, तो अर्थातच अर्ध्यावर तुटला. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, बातम्यांत म्हणत होते, भार वाढला. बाबा म्हणाले, दाब गेला. आई म्हणाली, पॉवर गेली. मग नक्की गेले तरी काय?"

प्रश्न ऐकून मी आधी हसलो आणि मग गप्प झालो. कारण तिघांचेही बरोबर होते, आणि तिघेही वेगवेगळ्या राशींबद्दल बोलत होते.

विजेचा 'दाब' म्हणजे आपल्या पुस्तकातले विभवांतर. ते व्होल्टमध्ये मोजतात. सायकलच्या चाकातल्या हवेचाही दाबच, पण तो पास्कलमध्ये. नळाला पाणी जोराने येते तेव्हा 'आज दाब चांगला आहे' असे आपण म्हणतो. त्याच चालीवर कोणीतरी विजेलाही दाब चिकटवला. उपमा म्हणून ठीक आहे, पण तारेत काही दाबले जात नाही. 'भार' म्हणजे ग्राहकांनी त्या क्षणी केलेली विजेची मागणी, वॅट किंवा मेगावॅटमध्ये. भारनियमनातला भार तो हाच. विद्युतप्रभार मात्र निराळा. त्याचे एकक कूलोम. आणि आईची 'पॉवर' म्हणजे शक्ती, तिचेही एकक वॅट.

येथे एक युक्ती सांगून ठेवतो. एखाद्या शब्दाने गोंधळ झाला की त्याचे एकक विचारा. बोलण्यातला शब्द चार वेषांत फिरतो. एकक सहसा राशीची ओळख पटवून देते.

आता सर्वांत मोठ्या गोंधळाकडे वळू. घरात आपण जोर, ताकद, बळ, शक्ती, ऊर्जा हे सगळे शब्द एकाच अर्थाने वापरतो. "दूध पी, शक्ती येईल." "आज अंगात ऊर्जाच नाही." घरात त्याने काही बिघडत नाही. परीक्षेत बिघडते, आणि त्याहून जास्त समजण्यात बिघडते. म्हणून चला, कळवा स्टेशनाच्या पादचारी पुलावर जाऊ. समजा, जिना चढून तुम्ही ६ मीटर उंच गेलात आणि तुमचे वस्तुमान ५० किलोग्रॅम आहे. पृथ्वी तुम्हांला ५० × ९.८, म्हणजे ४९० न्यूटन इतक्या बलाने खाली ओढते. तेवढ्याच बलाने स्वतःला ६ मीटर वर न्यायचे, म्हणजे कार्य झाले ४९० × ६ = २९४० जूल. तुम्ही धावत चढा किंवा दर पायरीवर थांबत चढा, हा आकडा बदलत नाही.

मग गाडी पकडण्यासाठी धावणारा आणि रमतगमत येणारा यांत फरक कोणता? शक्तीचा. धावणाऱ्याने तेच कार्य १२ सेकंदांत केले, तर त्याची शक्ती २४५ वॅट. तेवढ्याच वस्तुमानाच्या आजींना ६० सेकंद लागले, तर त्यांची ४९ वॅट. कार्य तेच, आणि ते करण्याचा दर म्हणजे शक्ती. (तुमचे शरीर प्रत्यक्षात २९४० जूलपेक्षा बरीच जास्त ऊर्जा खर्च करते, उरलेली उष्णतेच्या रूपाने जाते. घाम उगीच येत नाही!)

आणखी एक गंमत. जड पिशवी हातात धरून तुम्ही फलाटावर अर्धा तास नुसते उभे राहिलात, हात भरून आले, तरी विज्ञानाच्या हिशेबी पिशवीवर तुम्ही केलेले कार्य शून्य. बल आहे, पण पिशवी हललीच नाही. हे वाक्य एखाद्या हमालाला ऐकवू नका. तो 'काम' म्हणतो ते वेगळे आणि आपण 'कार्य' म्हणतो ते वेगळे, आणि त्याचा शब्द आपल्यापेक्षा जुना आहे.

वीजबिलावरचे 'युनिट' हे ऊर्जेचे एकक आहे, शक्तीचे नव्हे. १ युनिट म्हणजे १ किलोवॅट-तास, म्हणजेच ३६ लाख जूल. आता ३६ लाखांना २९४० ने भागून पाहा. एका युनिटाइतके कार्य करायचे तर तुम्हांला तो पूल सुमारे १२२४ वेळा चढावा लागेल. यापुढे पंखा विनाकारण चालू ठेवताना हा आकडा आठवला तर माझी हरकत नाही.

वजन आणि वस्तुमान यांचा घोळ तुमच्या शिक्षकांनी समजावला असेलच, म्हणून थोडक्यात सांगतो. ५ किलो बटाट्यांचे वजन ४९ न्यूटन. चंद्रावर ते सुमारे ८ न्यूटन भरेल, पण बटाटे ५ किलोग्रॅमच राहतील. तेथे ताणकाटा कमी दाखवील; दोन पारड्यांचा तराजू मात्र फसणार नाही, कारण वजनमापेही तितकीच हलकी झालेली असतील. चाल आणि वेग यांचेही असेच. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ३४ किलोमीटर अंतर ५७ मिनिटांत कापून ठाण्याला पोचली. तिची सरासरी चाल ताशी सुमारे ३६ किलोमीटर. पण तुम्ही कळव्याहून ठाण्याला जाऊन परत आलात, तर विस्थापन शून्य, म्हणून सरासरी वेगही शून्य! चालीला दिशा नसते, म्हणून ती अदिश. वेगाला असते, म्हणून तो सदिश. शब्द फोडला की अर्थ हातात येतो, हे आपल्या परिभाषेचे मोठे सुख आहे.

पण ही परिभाषा आकाशातून पडलेली नाही. माणसांनी बसून, वाद घालून ती ठरवली आहे. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्याआधी, १९७३ मध्ये, प्रमुख संपादक लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या मंडळींनी परिभाषासंग्रहाचा खंड छापला होता. आधी शब्द, मग ज्ञान लिहिणे, असा तो क्रम होता. सगळेच शब्द टिकले नाहीत. नायट्रोजनला 'नत्र' आणि फॉस्फरसला 'स्फुरद' म्हणणे शाळेतून जवळजवळ गेले. शेतकऱ्याला विचारा, तो आजही खताचा हिशेब नत्र, स्फुरद आणि पालाश यांतच सांगेल.

भाषा बदलली की शब्द दगाही देतो. आमच्या कळव्याची खाडी पुढे ट्रॉम्ब्याकडे जाते. तेथल्या संस्थेला मराठीत भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणतात, हिंदीत 'भाभा परमाणु अनुसंधान केंद्र'. वाचणाऱ्याला वाटते, परमाणू म्हणजे अणूहून लहान काहीतरी असेल. तसे नाही. मराठीतला अणू तोच हिंदीतला परमाणु. आणि हिंदीतला अणु म्हणजे मराठीतला रेणू! पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो, हे वाक्य हिंदी पुस्तकात वाचताना दोन्ही शब्द बदलून घ्यावे लागतात.

हे सगळे लिहिण्याचे कारण एक मुलगा आहे. काही वर्षांपूर्वी अकरावीच्या वर्गात मी इंग्रजीतून 'मोमेंटम म्हणजे काय' असे विचारले. मराठी माध्यमातून आलेला हा मुलगा खाली मान घालून उभा राहिला. तासानंतर म्हणाला, "सर, मी कॉमर्सला जातो. मला जमणार नाही." मी सहज म्हटले, "अरे, संवेग." तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "वस्तुमान गुणिले वेग. म्हणून तर झेल घेताना हात मागे घ्यायचे." व्याख्या होती, उदाहरण होते, फक्त एका शब्दाचा पूल नव्हता. त्याच वर्गात मोमेंटम घडाघडा म्हणणाऱ्या काहींना झेलाचे उदाहरण सुचले नव्हते. आम्ही दोघांनी मिळून एका वहीत तीन रकाने आखले: मराठी शब्द, इंग्रजी शब्द, एकक. तो विज्ञानातच राहिला.

तशी वही तुम्हीही करा. फक्त 'घरातला अर्थ' असा चौथा रकाना वाढवा. पहिल्या पानावर बल, कार्य, ऊर्जा आणि शक्ती लिहा. मग मोजपट्टी घेऊन आपल्या इमारतीच्या एका पायरीची उंची मोजा, तिला पायऱ्यांच्या संख्येने गुणा, घड्याळ लावून जिना चढा आणि आपली शक्ती किती वॅट भरते ते काढा. आजोबांचीही काढा, पण त्यांना धावायला लावू नका.